चादरीचं दुसरं टोक

शनिवारी सकाळी सव्वादहाला, चष्म्याच्या दुकानावरच्या त्या लांबट खोलीत, मास्तरांनी पडद्यावर माझा कट दाखवला आणि दुसऱ्याच्या नावावर खपवला. त्यांना ते ठाऊक नव्हतं, एवढं माप त्यांच्या पदरात टाकायला हवं. बत्तीस-तेहतीसचा मुलगा, कोरलेली दाढी, बोटांत सतत पेन फिरवायची खोड. सिनेमा आणि मालिकांवर व्हिडिओ निबंध कसे करायचे हे ते आम्हा नऊ जणांना शिकवत होते. म्हणजे चित्रपटाचे तुकडे घ्यायचे, आपल्या मनाप्रमाणे लावायचे, वर आपल्या आवाजात आपलं म्हणणं सांगायचं आणि जगापुढे ठेवून द्यायचं. "आता बघा हं," ते म्हणाले. पडद्यावर जिन्याच्या पायरीवर बसलेली बाई. हातात पत्र. ती ते वाचते, कागदाची पुन्हा घडी घालते, कागद कुरकुरतो, आणि त्या कुरकुरीतूनच एक दार करकरतं. खोली रिकामी. खुंटीवरचा कोट गेलेला, कपाट उघडं, बाई नाही. "बघितलंत? रडणं नाही, निरोप नाही, सामान बांधणं नाही. पत्र, आणि एकदम रिकामी खोली. मधलं सगळं गाळलं. चाळीस वर्षांपूर्वी! काय विश्वास असेल त्या दिग्दर्शकाचा प्रेक्षकावर!" पुढे बसलेल्या दोघी मुलींनी ते वहीत उतरवून घेतलं. माझे कान गरम झाले. खोटं कशाला बोलू, आधी आनंदानेच झाले. त्रेसष्ट वर्षांच्या आयुष्यात माझ्या कामाला कुणी चांगलं म्हटल्याची ती पहिली वेळ होती.

ती कुरकुर आणि ती करकर एकमेकींत मिसळायला मला सहा वेळा टेप मागे घ्यावी लागली होती. चौतीस वर्षांपूर्वी, टीव्ही वाहिनीच्या इमारतीत, खिडकी नसलेल्या खोलीत. मी तिथे चित्रपट विभागात होते. लोकांना वाटतं चित्रपट येतो आणि दाखवतात. तसं नसतं. चित्रपट सव्वादोन तासांचा असतो आणि वाहिनीकडे जागा असते एक तास बावन्न मिनिटांची, म्हणजे मधली तेवीस मिनिटं कुणीतरी काढायला हवीत. ती मी काढायची. दोन यंत्रं होती. डावीकडे पूर्ण चित्रपटाची टेप, उजवीकडे कोरी. हवं ते डावीकडून उजवीकडे उतरवायचं, नको ते उतरवायचंच नाही. न्हाव्याच्या दुकानात निदान खाली केस तरी पडतात. माझ्या खोलीत काहीच पडायचं नाही, संध्याकाळी फरशी सकाळइतकीच स्वच्छ असायची. विभागात मला 'कात्री' म्हणत, आणि मला ते आवडायचं. नाकावर माशी बसू न देणारी तरुण बाई होते मी, कुणीतरी आपल्याला घाबरतं हे बरं वाटायचं. काय काढायचं याचा साहेबांनी एकच नियम घालून दिला होता: जिथे कुणी बोलत नाही तिथे काप. गाणं कापलंस तर फोन येतात, मारामारी कापलीस तर पत्रं येतात. गप्प बसलेल्या माणसांसाठी कुणी पत्र लिहीत नाही. तेव्हा सव्वीस वर्षं मी गप्प माणसं कापली. चालणारी, खिडकीतून बघणारी, भांडी पुसणारी, वाट बघणारी. आमच्या वाहिनीवर सिनेमे बघून वाढलेल्या पिढीला असंच वाटत असणार की सिनेमातली माणसं कधी गप्पच बसत नाहीत.

आणि हे काम बोटांतून अंगात शिरतं. समोरचा बोलताना थांबला की त्याचं वाक्य मी पुरं करायची. बहीण म्हणायची, तुझ्याशी बोलायचं म्हणजे धावत्या बसमध्ये चढणं. आई शेवटी दवाखान्यात होती तेव्हाही मी तिच्या उशाशी बसून सतत बडबडत होते. डॉक्टर काय म्हणाले, कोण भेटायला आलं, बाहेर ऊन किती आहे. एकदा तिने डोळे न उघडता म्हटलं, "जरा गप्प बस गं." मी बसले. अर्धा मिनिट बसले असेन. मग माझ्या नकळत माझा उजवा अंगठा चादरीवर फिरायला लागला. टेप पळवायला यंत्राची चकती फिरवावी तसा, पुढे, पुढे. मला माझीच लाज वाटली, पण अंगठा थांबला नाही.

मास्तर आता चित्रपटाच्या शेवटाकडे आले होते. शेवटी ती बाई दुसऱ्या कुठल्या गावात, नव्या खोलीत, एकटी चादरीची घडी घालते. दोन टोकं हातांत, मधला भाग हनुवटीखाली दाबलेला, खालची दोन टोकं जमिनीला लागलेली. "ही हनुवटी बघा. केवढी खंबीर आहे ती! तिला आता कुणाची गरज नाही." मुलींनी 'खंबीर' लिहिलं. मग मास्तर हसले आणि म्हणाले, या चित्रपटाची एक गंमत आहे, श्रेयनामावलीत 'शेजारीण' म्हणून एका नटीचं नाव येतं आणि चित्रपटात शेजारीणच नाही. जगभरचे शौकीन तिला शोधतायत. कुणी म्हणतं जिन्याखालची सावली म्हणजे ती, कुणी म्हणतं नाव चुकून राहिलं. मागच्या रांगेतले दंतवैद्य, जे सिनेमातल्या दंतवैद्यांच्या बदनामीवर निबंध करायला आले होते, मनापासून हसले. माझे कान अजून गरम होते, पण आता कारण बदललं होतं. मी हात वर केला.

"सर, तो कट माझा आहे."

"म्हणजे तुमचा आवडता?"

"म्हणजे मी केलेला. मध्ये बेचाळीस सेकंद होती. शेजारीण त्यात होती."

खोलीत जी शांतता पसरली ती मी पुरी दोन सेकंदंही टिकू दिली नाही, लगेच सगळं भडाभडा सांगायला लागले. टेप, साहेब, एक तास बावन्न मिनिटं. माझं बोलणं माझ्याच कानांना थापाड्या म्हातारीसारखं वाटलं. मास्तरांनी पेन थांबवलं आणि प्रेमाने म्हणाले, "मावशी, आपण सुट्टीत बोलू या का?" मावशी! मला एक भाची आहे, मावशी म्हणण्याचा मक्ता तिचा. पण मी गप्प राहिले, कारण नऊ जणांपैकी आठ जण माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते ती नजर मी ओळखते. बसमध्ये जागा देतात त्या नजरेने ते बघत होते.

सुट्टीत मास्तर जिन्यात उभे राहून कागदी पेल्यातली कॉफी पीत ऐकत होते. मुलगा वाईट नाही. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "पूर्ण टेप कुठे असेल?" कुठेच नाही, मी म्हटलं. टेपा मोजक्या असायच्या. काम झालं की पूर्ण टेप पुसायची आणि तिच्यावर बातम्या भरायच्या, तोच रिवाज होता. पुढे निर्मात्याच्या गोदामात पाणी शिरलं, मूळ फिती सडल्या, उरली ती आमची एक तास बावन्नची. आज जगात कुठेही तो चित्रपट लावा, लागतो तो माझाच. मास्तरांनी उरलेली कॉफी एका घोटात संपवली. त्यांचा स्वतःचा सगळ्यात गाजलेला निबंध याच कटवर होता. चार लाख लोकांनी पाहिला होता, त्यांनीच पहिल्या दिवशी सांगितलं होतं. मग ते म्हणाले, "समजा तुम्ही म्हणता ते खरं. पण चित्रपट आता हाच आहे ना? लोकांनी यावर प्रेम केलंय. आणि रागावू नका, पण तुमचाच जास्त चांगला आहे. बेचाळीस सेकंद दोन बायका चादर घडी करताना कोण बघणार?" पायऱ्या उतरून मी घरी निघाले, तर त्या वाक्याने रस्ताभर माझी पाठ सोडली नाही. चपलेत खडा जावा तसं ते टोचत होतं, आणि वाईट म्हणजे कुठेतरी सुखावतही होतं. तुमचाच जास्त चांगला आहे. कारण तो चांगला आहेच. निबंध करताना मी तो शंभर वेळा पाहिला आहे, मला त्यात बोट ठेवायला जागा सापडत नाही. त्या दिवशी साहेब दारातून म्हणाले होते, "कात्री, अजून चाळीस सेकंद जास्त आहेत," आणि त्याच क्षणी माझ्या डावीकडच्या पडद्यावर त्या दोघी घडी घालत होत्या, एक शब्दही न बोलता. नियमात अगदी फिट. मी जरा अलीकडे-पलीकडे केलं, बेचाळीस गेली. जोड लावून पाहिली आणि खुर्चीत मागे रेलून स्वतःशीच म्हटलं, वा गं बाई. त्या दिवशी मी छान जेवले.

फोन नंतर आला. चित्रपट रविवारी दुपारी दाखवला, फोन सोमवारी. विभागात एकच फोन होता, तो जो जवळ असेल त्याने उचलायचा. पलीकडे बाईचा आवाज, वयस्कर नाही, तरुण नाही. "काल दाखवलात त्या चित्रपटात एक शेजारीण होती हो, चादर धरणारी. ती काही दिसली नाही." मी विचारलं, आपण कोण? "मीच ती." पुढे ती थांबली. ते थांबणंही मी राहू दिलं नाही. साहेबांनी शिकवलेलं वाक्य फेकलं, तांत्रिक कारणामुळे काही भाग दाखवता आला नाही. "अच्छा," ती म्हणाली. "नाही, मी घरातल्या सगळ्यांना बसवलं होतं ना. खालच्या-वरच्या शेजारणीसुद्धा आल्या होत्या. तांत्रिक म्हणजे, माझं काही चुकलं नव्हतं ना?" मी म्हटलं नाही. "मग पुन्हा दाखवाल तेव्हा असेन ना मी?" आणि मी म्हटलं, "हो." तिने दोनदा आभार मानले. फोन ठेवताना माझी नजर समोरच्या फळीवर होती. तिची टेप मी सकाळीच पुसली होती आणि तिच्यावर रविवारच्या बातम्या भरल्या होत्या. चौतीस वर्षांत तो चित्रपट कितीतरी वेळा पुन्हा दाखवला. दर वेळी, तो लागला की मी घरातला टीव्ही बंद करून काहीतरी कामाला लागायची, आणि का, ते स्वतःलाही विचारायची नाही.

भाची माझ्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहते. क्लासला मला तिनेच घातलं, निवृत्तीनंतर भिंतींशी भांडत बसशील म्हणून. तिला मी सांगितलं, माझा निबंध या बेचाळीस सेकंदांवर होणार. तिने चहाचा कप खाली ठेवला. "मावशी, झाकली मूठ सव्वा लाखाची. कुणाला माहीत नाही ते तू स्वतः होऊन सांगणार? हात दाखवून अवलक्षण? लोक तुलाच शिव्या घालतील, आमचा सिनेमा या बाईने बिघडवला म्हणून."

"घालू देत."

"आणि तुझ्याकडे दाखवायला काय आहे? चित्रच नाही."

"तेच दाखवणार. नाही ते."

तिने डोळे वर केले. तिची आई, म्हणजे माझी बहीण, अगदी असेच डोळे वर करायची. सहा वर्षं झाली तिला जाऊन, पण ते डोळे अजून या घरात येतात-जातात. मग भाची म्हणाली, हल्ली यंत्राला नुसतं लिहून सांगितलं की ते चित्र बनवून देतं, आपण तो प्रसंग बनवून घेऊ. मी नको म्हणण्याआधी तिने लिहिलंही. पडद्यावर जिना आला, खिडकीतून ऊन आलं, दोन बायका आल्या. चादर पांढरीशुभ्र. दोघी हसत होत्या. "बरं झालंय की," भाची म्हणाली. मी म्हटलं, ही कपडे धुवायच्या पावडरीची जाहिरात आहे, पुढे फक्त डबा यायचा बाकी आहे. तिने दुसऱ्यांदा लिहिलं, हसू नका. आता त्या रडत होत्या. तिसऱ्यांदा लिहू दिलं नाही मी. त्या बाईने घरच्यांना आणि शेजारणींना आपला चेहरा बघायला बसवलं होतं. तिच्या जागी कुणा न जन्मलेल्या बाईचा चेहरा ठेवायचा, म्हणजे मी तिला दुसऱ्यांदा कापायचं. पहिल्यांदा निदान पोटापाण्याचं निमित्त होतं.

मी शिकत होते, आणि शिकायला मला मजा येत होती हेही सांगते. मास्तरांकडे येणारे बाकीचे कीबोर्डशी झटापट करायचे. माझ्या बोटांना चारच दिवसांत ठाऊक झालं, कुठे दाबलं की तुकडा तुटतो, कुठे दाबलं की सरकतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मला जड गेलं ते बोलणं. मास्तर म्हणायचे, मित्राशी बोलता तसं बोला, आणि मुख्य म्हणजे जे पडद्यावर दिसतंय ते सांगू नका, जे दिसत नाही ते सांगा. हे मात्र मी वहीत लाल शाईने लिहून ठेवलं. आवाज घुमू नये म्हणून भाचीने मला कपाटात बसवलं. लोंबणारे कोट, खाली चादरींची चळत, तिच्यावर मी, मांडीत फोन. "पाय आत घे," ती बाहेरून म्हणाली, "दार लागत नाहीये." अंधारात मी माझा आवाज पहिल्यांदा नीट ऐकला. तो माझ्या आईचा होता. आजारातला नव्हे. मी आठवीत असताना खोटं बोलले आणि तिने मला समोर उभं करून विचारलं होतं, तो. मी त्याच आवाजात सांगितलं: हा कट दिग्दर्शकाचा नाही, हा मी केला, माझ्याकडे चाळीस सेकंद जास्त होती म्हणून केला. हे एकोणीस वेळा बोलावं लागलं. दर वेळी 'मी केला' याच्या आधी माझा आवाज आपोआप घाईला यायचा, उडी मारून पलीकडे जायला बघायचा. विसाव्या वेळी तो थांबला. 'मी' म्हटलं, थांबले, आणि मग 'केला' म्हटलं. बाहेर येऊन बघते तर भाची पलंगाच्या कडेवर बसलेली, हातात माझ्यासाठी पाण्याचा पेला.

त्याच दुपारी मी तिला म्हटलं, ऊठ, चादर धर. मला नेमकं आठवायचं होतं. कपाटातली जुनी निळी चादर काढली. दोन टोकं तिच्या हातांत, दोन माझ्या. आधी ताणायची, झटकायची. मग आपापली टोकं जुळवायची. मग तू पुढे ये. ती पुढे आली, तिची टोकं माझ्या हातात आली, बोटांना बोटं लागली. आता खाली वाक, मधली घडी उचल, मागे जा. पुन्हा ताण. पुन्हा पुढे ये. चित्रपटात तसंच होतं. पत्र वाचून बाई बसलेली असते, शेजारीण जिना चढून येते, तिच्या काखेत वाळलेली चादर असते, ती कसलीही चौकशी करत नाही, फक्त दोन टोकं पुढे करते. आणि ही उठते. तीन वेळा त्या जवळ येतात, तीन वेळा लांब जातात. तिसऱ्यांदा जवळ आल्यावर शेजारीण टोकं सोडत नाही. तशीच धरून उभी राहते, तीन-चार सेकंदं. बस. त्या चादरीसकट ती बाई दुसऱ्या सकाळी निघून जाते, म्हणून शेवटी ती चादर तिच्या नव्या खोलीत आहे, म्हणून ती हनुवटीखाली दाबावी लागते. मी आणि माझी बहीण दर रविवारी अशाच घड्या घालायचो. ती गेल्यापासून मीही हनुवटीनेच घालते. खंबीर वगैरे काही नाही. मान आखडते, कडा जुळत नाहीत, आणि चादर मोठी असली की चक्क पलंगावर फेकून द्यावीशी वाटते.

तिसऱ्यांदा भाची जवळ आली तेव्हा तिने टोकं सोडली नाहीत. मी सांगितलं नव्हतं. मी घड्याळाकडे पाहिलं, एकेचाळीस सेकंदं झाली होती. "आई अशीच धरायची ना?" ती म्हणाली. मी काही बोलले नाही, आणि या वेळी माझा अंगठाही हलला नाही. थोड्या वेळाने तीच म्हणाली, मावशी, हेच शूट करू या, आपण दोघी. छान होईल. मी म्हटलं छान होईल, पण आपण त्या नव्हेत. तिने मान हलवली. यंत्राचं नाव मात्र तिने पुन्हा काढलं नाही.

सादरीकरणाच्या आधीच्या शनिवारी मास्तरांनी प्रत्येकाचा निबंध आधी एकट्याने पाहिला. माझा पाहिला आणि पेन बराच वेळ फिरवलं. "लिहिलंय फार चांगलं. माझ्या निबंधाचं नाव घेतलंत तेही ठीक आहे." एवढं बोलताना त्यांनी जरा नजर चुकवली, मला ते आवडलं. "पण हे काळं. बेचाळीस सेकंद पडदा काळा, आवाज नाही, काही नाही. असं नाही चालत." त्यांनी संगणकावर त्यांच्या एका निबंधाची रेघ दाखवली. किती लोक कुठल्या सेकंदाला निघून गेले, याची. रेघ जिन्यासारखी उतरत होती. "हे बघा, जिथे मी बोलायचं थांबलो, तिथे पडली. इथे पुन्हा. माणसं शांततेला आठ सेकंदांच्या वर थांबत नाहीत, हे मी नाही म्हणत, रेघ म्हणते." मी त्या रेघेकडे बघत राहिले. साहेब जाऊन पंधरा वर्षं झाली, पण नियम साहेबांपेक्षा दणकट निघाला. जिथे कुणी बोलत नाही तिथे काप. फक्त आता तो सांगायला दारात कुणी उभं राहत नाही, रेघ सांगते. आणि मला एकदम दिसलं की हा मुलगा माझ्याच टेपा बघत वाढलाय. शांतता म्हणजे काहीतरी बिघडलंय हे त्याला मीच शिकवलं, तो घरी चटईवर पालथा पडून सिनेमा बघत असताना, आणि आता तो ते मला परत शिकवतोय. राग कोणावर काढायचा?

"आठ सेकंदं ठेवा," मास्तर म्हणाले. "परिणाम तोच होईल. तुम्हाला काय, कापायची सवय आहे."

"सवय आहे म्हणूनच सांगते, परिणाम तोच होत नाही."

"मावशी, हट्ट करू नका. मी तुमच्या भल्याचं सांगतोय. लोक निघून जातील."

"जाऊ देत. ती फोन धरून थांबली होती."

कोण, असं त्यांनी विचारलं नाही, कारण निबंध त्यांनी पाहिला होता. म्हणाले, निबंध तुमचा आहे. पण ज्या स्वरात म्हणाले त्यात एक 'बघू या' शिल्लक होतं. घरी आल्यावर मी एकदा, फक्त एकदाच, ती काळी पट्टी आठ सेकंदांची करून पाहिली. बोटाला एक क्षण लागला. जोड सुरेख बसली. मास्तरांचं खरं होतं, निबंध टुमदार झाला, मला कुणीही शाबासकी दिली असती. मी खुर्चीत मागे रेलले आणि माझ्या तोंडावर आलंच होतं, वा गं बाई. तेव्हा मी ते परत बेचाळीस केलं. फोनवर एकदा दिलेलं 'हो' होतं ते. ती आता असेल की नसेल मला माहीत नाही. असली तर सत्तरीच्या पुढची असेल, कुणाच्यातरी घरात, कुणालातरी सांगत असेल की मी एका सिनेमात होते, आणि ऐकणारे एकमेकांकडे बघत असतील. क्लासमधल्या आठ जणांनी माझ्याकडे पाहिलं होतं तसं. माझी फजिती एका शनिवारी झाली, तिची चौतीस वर्षं चालली आहे.

सादरीकरणाला प्रत्येकाची घरची माणसंही आली होती, खुर्च्या कमी पडल्या म्हणून खालच्या दुकानातली स्टुलं आणली होती. भाची माझ्या शेजारी. दंतवैद्यांचा निबंध छान झाला, सगळे हसले, दातांना हात लावून बसले. मग माझा. संगणक मास्तरांपुढे होता आणि मी मुद्दाम त्यांच्या बाजूची खुर्ची धरली होती. पडद्यावर जिना, पत्र, कुरकुर, करकर. वर आईच्या आवाजातली मी: हा कट दिग्दर्शकाचा नाही. हा मी, केला. खोलीत हालचाल झाली, कुणीतरी मागे वळून मला शोधलं. मग फोन आला, साहेब आले, पुसलेली टेप आली. श्रेयनामावलीतलं ते नाव आलं, आणि मी ते दोनदा वाचलं, सावकाश, आडनावासकट. मग मी म्हणाले: शेजारीण जिना चढून येते, न बोलता चादरीची दोन टोकं पुढे करते, दोघी मिळून घडी घालतात, आणि शेवटी ती आपली टोकं सोडत नाही. आता बघा.

पडदा काळा झाला. दिवे आधीच मालवलेले, पडदे ओढलेले, खोली गच्च. चार, पाच. एका मुलीने कुजबुजून विचारलं, बंद पडलं का? आठ. कुठेतरी स्टूल सरकलं. नऊ, दहा. मला न बघताही कळलं की मास्तरांचा हात कीबोर्डकडे निघालाय. सव्वीस वर्षं माझा निघायचा तसाच तो निघाला होता, त्यांनाही विचार न करता. मी तो मनगटाशी धरला.

"हात काढा."

"अहो, लोक कंटाळतायत..."

"कंटाळू देत. काढा म्हणते ना."

"पण यात काहीच नाहीये."

"आहे," मी म्हटलं, जरा मोठ्यानेच. "ती आहे."

मनगट माझ्या हातात होतं आणि मी ते सोडलं नाही. पंधरा. वीस. कुजबूज मंदावली. खालच्या रस्त्यावरून एक गाडी गेली, कुणाचातरी श्वास नाकातून वाजत होता, भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज इतके शनिवार इथेच होता हे आज कळलं. पंचवीस. मला भीती वाटत नव्हती, उलट कुणीतरी आता भांडायला यावंच असं वाटत होतं. तिसाच्या सुमाराला कुजबूज पार संपली. कंटाळून संपली की आणखी कशाने ते मी विचारलं नाही. अडतीस. एकोणचाळीस. इथे ती टोकं सोडत नाही. माझ्या मुठीतलं मनगट सुटायला बघत होतं, ते थांबलं.

बेचाळीस झाली आणि चित्र आलं. नवी खोली, ती एकटी, दोन टोकं हातांत, चादर हनुवटीखाली दाबलेली, उरलेली दोन टोकं जमिनीला लागलेली. यावर मी निबंधात एक शब्दही बोललेली नाही. मास्तर बघत होते, पेन टेबलावर पडलेलं. भाचीने माझी बाही धरली. पडद्यावरच्या बाईला आता खंबीर कुणी म्हटलं नाही. मागच्या रांगेतून दंतवैद्य, आपण मोठ्याने बोलतोय हे बहुधा त्यांच्या ध्यानात नसावं, म्हणाले, "अरे, धरा की कुणीतरी."